मधुकरी आणि मोबाईल

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. मोबाईलवर बोलायचे झाले की प्रवचनकार त्यातला पतंग आणि हरीण पुढे करतात. रूपाला भुलला तो एक, नादाला भुलले ते दुसरे. ठीकच आहे. मला मात्र मधमाशी जास्त जवळची वाटते. फुलाला न दुखवता थोडे थोडे घ्यावे आणि साठवू नये, हे अवधूत तिच्याकडून शिकला. मधुकरी हा शब्द तिथलाच.

गाणगापुरात दुपारी आपल्यापैकी कित्येकांनी झोळी घेऊन मधुकरी मागितली असेल. दारात उभे राहायचे, पडेल ते घ्यायचे, पुरेसे झाले की वळायचे. अन्नाइतकेच महत्त्व त्या उभे राहण्याला आहे. घरातली माउली आपल्याला बघते, आपण तिला बघतो. मोबाईलवरही आपण दारोदारच फिरतो म्हणा, पण तिथे उंबरठा नाही आणि ‘पुरे’ हा शब्दही नाही. बोट सरकवले की खालून नवे येतच राहते.

हे नुसते वेळ फुकट जाण्यापुरते असते तर मी लिहायला बसलो नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षेवर जगणारी माणसे ती. मुले पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. नवनाथांना उपदेश करणारे दत्तप्रभूच, असे आपण मानतो, आणि त्याच पंथाचे भिक्षेकरी समोर उभे असताना लोकांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, फोनवर ठेवला. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादा आली, पण ती यंत्राला. ‘अकरा जणांना पाठवा, कृपा होईल’ म्हणणारे आपल्या भक्तमंडळींत अजून आहेतच! पाठवण्याआधी तो संदेश खरा आहे का, हे किती जण बघतात?

यावर कोणी म्हणेल, मग फोन टाकूनच द्या. तसे मला वाटत नाही. आमच्या थोरल्या वहिनींना गुडघ्यांमुळे नृसिंहवाडीचा घाट उतरवत नाही. त्या घरी बसून मोबाईलवर आरती बघतात, बसल्या जागी हात जोडतात, डोळे भरून येतात. ते दर्शन खोटे आहे असे सांगायची माझी छाती नाही, आणि दत्तप्रभूंनाही ते खोटे वाटत नसावे. फक्त वहिनींचे एक आहे. आरती संपली की त्या फोन पालथा ठेवतात, नैवेद्याची वाटी घेतात आणि भिंतीच्या आधाराने हळूहळू शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहतात. तिथे एक म्हातारे एकटेच असतात. दोघांचे मग अर्धा तास बोलणे चालते, बहुतेक औषधांविषयीच.