वीस ते पस्तीसच्या मधली मुलं

दहावीला गणितात पास व्हायला किती गुण लागतात, असं महाराष्ट्रात कुणालाही विचारा, उत्तर येईल ३५. हे उत्तर पुरतं खरं नाही. गणित आणि विज्ञान मिळून ७० गुण झाले आणि दोन्हींत किमान २५ पडले, तरी मूल उत्तीर्ण होतं. तीन भाषांसाठीही असाच १०५ गुणांचा नियम आहे. शिवाय गणिताच्या १०० गुणांतले २० शाळेच्या हातचे, अंतर्गत मूल्यमापनाचे. उरलेले ८० लेखी परीक्षेचे: बीजगणित ४०, भूमिती ४०.

२०२४ साली शालेय शिक्षणाचा राज्य अभ्यासक्रम आराखडा आला, तेव्हा त्यातली एक तरतूद गाजली. गणितात किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी पण किमान २० गुण पडलेल्या मुलाला उत्तीर्ण होऊन अकरावीला जाता यावं. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा असावा, की पुढे गणित-विज्ञानावर आधारलेलं शिक्षण त्याला घेता येणार नाही. ज्याला शेरा नको, त्याने पुन्हा परीक्षा द्यावी. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोहोचला की हे लागू व्हावं, असं तेव्हा सांगण्यात आलं. ‘वीस गुणांत पास’ असे मथळे झाले, काही दिवस वाद रंगला आणि विषय मागे पडला.

तो सगळ्यांसाठी मागे पडत नाही. १९६५ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या आणि १ जानेवारी १९६६ पासून काम करणाऱ्या राज्य मंडळाला, त्याच्या नऊ विभागांना आणि समित्यांना लागतात ती शाळेत आयुष्य घालवलेली माणसं. त्यांत निवृत्त मुख्याध्यापक असतात. वर्गात त्यांनी एकेका मुलाचा निर्णय घेतलेला असतो, समितीत लाखो मुलांचा एकदम घ्यायचा असतो. पुढचा संवाद अशाच एका सरांचा आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा आहे. ही विद्यार्थिनी आता बीड जिल्ह्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि बोर्डाचे पेपर तपासते. संवाद रचलेला आहे, त्यातले नियम आणि आकडे खरे आहेत.

सरांना या तरतुदीवर लेखी मत द्यायचं होतं. बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, “सर, तुम्ही होच म्हणा.”

“अगं, तू गणिताची शिक्षिका. विरोध तुझ्याकडून यायला हवा होता.”

“गणित शिकवते म्हणूनच म्हणते. आपल्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. परत येतात पाडव्याच्या आगेमागे. पाचवी-सहावीतली पोरगी दोन हंगाम आईबापांबरोबर कोपीत राहिली, की अपूर्णांक गेले, दशांश गेले, शेकडेवारी गेली. आठवीपर्यंत तिला कुणी अडवत नव्हतं. नववीत माझ्यासमोर येते तेव्हा पुस्तकात संच आणि बहुपदी असतात. मी तिला भागाकार शिकवू की बहुपदी? दहावीला तिला मराठीत ७० पडतात, इतिहास-भूगोलात बरे पडतात आणि गणितात २२. निकालाच्या दिवशी ती नापास. घरात स्थळाची बोलणी चाललेलीच असतात. लग्न झालं की नवराबायकोचा एक कोयता होतो, मुकादमाकडून उचल मिळते. तिला पुढे कला शाखेला जायचं होतं, सर. तिथे तिला भूमितीचं प्रमेय कोण विचारणार होतं?”

सरांनी मान हलवली, पण मान्य केलं नाही. “एटीकेटी आहे. जुलैची पुरवणी परीक्षा आहे. तेही नाही जमलं तर बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहे.”

“आहे सगळं. पण ते वापरायला घरात एक माणूस लागतो, जो म्हणेल की थांबा, जुलैत पुन्हा बसवू. तो माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांची मुलं मुळात २२ वर अडकत नाहीत.”

बाईंची ही बाजू ऐकताना कुणाचाही कल तिकडे झुकेल. सरांची अडचण वेगळीच होती.

“आता माझं ऐक. तू एका मुलीसाठी बोलतेस. तुझ्या जागी मी असतो तर तिच्यासाठी भांडलो असतो. पण मंडळ एका मुलीला पास करत नाही, मंडळ नियम करतं. प्रमाणपत्र म्हणजे मंडळाने तिऱ्हाइताला दिलेली हमी असते. ग्रामीण डाकसेवकाची भरती घे. तिथे दहावीला गणित आणि इंग्रजीत उत्तीर्ण असावं लागतं. आयटीआयला इलेक्ट्रिशियन, फिटर घ्यायचं तर दहावीला गणित-विज्ञान हवं. शेरा मारलेली गुणपत्रिका घेऊन ही मुलगी तिथे गेली, तर समोरचा तिला पास समजेल की नापास?”

“ते नियमात स्पष्ट लिहा.”

“लिहिलं तरी एक उरतंच. २० ला पास म्हटलं की उद्या प्रत्येक जण आपापली वेगळी परीक्षा घेणार. शहरातल्या पैसेवाल्या मुलाला त्याने फरक पडत नाही. त्याच्याकडे क्लास आहे, नीट आहे, जेईई आहे. दहावीच्या कागदावर त्याचं काही अडत नाही. तुझ्या मुलीकडे मात्र हा एकच कागद आहे. ज्याच्यापाशी दुसरं काहीच नाही, त्याच्यासाठीच या कागदाची किंमत टिकायला हवी ना?”

बाई थोड्या थांबल्या आणि मग त्यांनी सरांना २०१९ ची आठवण करून दिली. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा ९९.९५ टक्के.

“तीच गावं, तेच शिक्षक, तसलीच मुलं,” बाई म्हणाल्या. “एका निर्णयाने बारा टक्के मुलं खाली गेली आणि दुसऱ्या निर्णयाने वर आली. मुलांच्या डोक्यात काय बदललं? तुम्ही म्हणता त्या कागदाची किंमत मुलं ठरवत नाहीत, तुमची बैठक ठरवते.”

हा घाव खोल होता आणि सरांनी तो चुकवला नाही. “खरं आहे. पण रेघ माणसांनी ओढलेली आहे म्हणून ती कुठेही ओढली तरी चालेल, असं नाही ठरत. माणसांनी ओढलेली आहे म्हणून ओढणाऱ्याने उत्तर द्यायला हवं. मला सांग, गणितात अंतर्गतचे २० पैकी किती देता तुम्ही?”

“सतरा तरी. कच्च्या मुलालाही. नाही दिले तर मुख्याध्यापक बोलावून विचारतात.”

“म्हणजे २० ला पास व्हायला लेखी परीक्षेत किती हवेत?”

बाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला. “तीन. ऐंशीपैकी तीन.”

“आणि आजच्या ३५ ला?”

“अठरा.”

सगळा वाद २० विरुद्ध ३५ असा लढला जातो. बाई-सरांसारखे लोक उत्तरपत्रिकेजवळ बसतात म्हणूनच त्यांना त्यामागचा ३ विरुद्ध १८ दिसतो. ऐंशीपैकी तीन गुण म्हणजे गणित आलं असं कुणीच म्हणणार नाही. पण ऐंशीपैकी अठरा म्हणजे तरी काय? ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितलं होतं. ते जमलं निम्म्याहून कमी मुलांना, ४३ टक्क्यांच्या आसपास. त्याच वर्षी आपल्या राज्याचा दहावीचा निकाल ९३.८३ टक्के होता. ३५ ची रेघ गुणवत्तेचं रक्षण करते, हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही. २० ची रेघ मुलीला न्याय देते, हेही टिकत नाही. भागाकार न येणारी मुलगी पास झाली तरी तिला भागाकार येत नाही, आणि मुकादम उचलीचा हिशेब मांडतो तेव्हा तिला तो लागतो.

सरांनी जॉन रॉल्सचं नाव काढलं. बी.एड.ला शिकवताना ते त्याचा विचार सांगत. या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये सुचवलेली कसोटी अशी: समाजात आपली जागा कोणती असेल हे ठाऊक नाही असं समजून नियम करा. “आपण दोघं कुठल्या बाकावर जन्मणार हे माहीत नाही, असं धरू. पुण्यातल्या शाळेच्या पहिल्या बाकावर की बीडमधल्या वडवणीच्या शाळेत शेवटच्या. कुठला नियम मागशील?”

“शेवटच्या बाकाचा. मला पास करा म्हणेन.”

“एवढंच?”

“नाही,” बाई सावकाश म्हणाल्या. “पास करा, आणि त्या पास होण्याला बाहेर किंमतही असू द्या. आणि मला भागाकारही शिकवा. तिन्ही हवं.”

ही तिढ्याची खरी गाठ. जे. पी. नाईक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव, यांनी १९७५ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात भारतीय शिक्षणाचं वर्णन समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा हाती न लागणारा त्रिकोण असं केलं. पन्नास वर्षं झाली. संख्या आपण साधली: २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये साडेपंधरा लाखांच्या आसपास नियमित मुलं दहावीला बसली. उरलेल्या दोन बाजूंची भरपाई आपण निकालाच्या टक्केवारीतून करतो आहोत, आणि ती होत नाही.

बाईंनी दुसरी वाट सुचवली: सोप्या गणिताची. काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याकडे बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेता येत होतं. २०१७-१८ च्या सुमारास ते बंद झालं. त्याच २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांविषयीच्या याचिकेवर गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती. आणि सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड असे गणिताचे दोन पेपर सुरू केले. एका मंडळाने दार लावलं, पाठोपाठ दुसऱ्याने उघडलं.

“दार उघडायला माझी ना नाही,” सर म्हणाले. “पण त्या दाराने कुणाला ढकललं जाईल, याची धास्ती वाटते. सहामाहीनंतर मुख्याध्यापक यादी करणार: ही मुलं वीसवाली. मग त्यांच्यासाठी जादा तास कोण घेईल? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं होतं ना, की पैसा आणि लक्ष वरच्यांकडे जातं आणि खालच्याला प्राथमिक शिक्षणही धड मिळत नाही. एका पोरावर शिक्षकाने दया केली तर ती दया. तीच दया नियम झाली की शिकवणाऱ्याची सुटका होते.”

“आणि शिकवणारा नसेल तर, सर? शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून माणूस येईपर्यंत वर्ष जातं. गणिताची जागा रिकामी राहिली, तर ते कुणाच्या गुणपत्रिकेवर लिहितात? शेरा फक्त मुलीच्या कागदावर.”

यावर सरांकडे उत्तर नव्हतं. पण त्यांचं मत इथेच ठरलं. त्यांनी कागद ओढला.

पहिला मुद्दा दोघांनाही पटला. मुलाला उत्तीर्ण करायचं असेल तर पुरतं करावं, शेरा नको. गणितात २२ पडले हे गुणपत्रिकेवर छापलेलं असतंच. इलेक्ट्रिशियनच्या प्रवेशाला किती लागतात, ते प्रवेश देणाऱ्याने ठरवावं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या कागदावर ‘पुढे घेता येणार नाही’ असं लिहिण्याचा अधिकार कुठल्याच मंडळाला नसावा, कारण ते मूल विशीत काय शिकेल हे मंडळाला ठाऊक नसतं.

दुसऱ्या मुद्द्यावर सर अडखळले. त्यांनी लिहिलं, हे २० गुण लेखी परीक्षेतलेच असावेत. बाई लगेच म्हणाल्या, “सर, मग हे आजच्या ३५ पेक्षा अवघड झालं. आज अठरात भागतं.” सरांनी ओळ खोडली आणि नव्याने मांडली. लेखी परीक्षेत एक भाग रोजच्या गणिताचा असावा: भागाकार, शेकडेवारी, व्याज, क्षेत्रफळ, तक्ता वाचणं. उत्तीर्ण होण्यासाठी या भागातले निम्मे गुण पुरेत. अंतर्गत गुण त्यात धरू नयेत. बाईंना हे आवडलं. भागाकार शिकवू की बहुपदी, या त्यांच्या प्रश्नाला यातून पहिल्यांदाच उत्तर मिळत होतं, आणि नववीच्या वर्गात भागाकार शिकवताना अभ्यासक्रम मागे पडतोय ही बोच राहणार नव्हती.

तिसरा मुद्दा सरांनी आग्रहाने घातला. प्रत्येक शाळेच्या निकालाबरोबर, गेल्या तीन वर्षांत तिथे गणित आणि विज्ञानाची जागा किती महिने रिकामी होती, हेही मंडळाने जाहीर करावं.

“हे काढा, सर,” बाई म्हणाल्या.

“का? शेरा एकट्या मुलीवर नको, असं तूच म्हणालीस.”

“म्हणाले. पण असा आकडा लागला की संस्थेला नाचक्की वाटते, आणि नाचक्की झाकायचा सोपा उपाय शाळांना माहीत आहे. निकाल शंभर टक्के लावायचा. कच्ची मुलं नववीतच गाळायची, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. म्हणजे जिच्यासाठी आपण हे लिहितोय, तीच पटावरून जाईल.”

“आणि जाहीर नाही केलं तर जागा कधीच भरणार नाही.”

यावर एकमत झालं नाही. सरांनी तिसरा मुद्दा कायम ठेवला, त्याच्याखाली बाईंचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत लिहिला, आणि नववीतून दहावीत न गेलेल्या मुलांची संख्याही त्याच तक्त्यात छापावी अशी एक ओळ जोडली. ती ओळ वाचून बाई म्हणाल्या, की ही संख्या देणारही शाळाच.