सवलतीचे ऋण

सर्वांच्या हितासाठी म्हणून जे दिले जाते, ते मूठभरांच्याच पदरी पडले तर त्या दानाला न्याय म्हणावे काय? नीतिशास्त्रातला हा जुना प्रश्न आज आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या एका रस्त्यावर नव्या वेषात उभा आहे.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. सिंदखेड राजा आणि मेहकर या आमच्या तालुक्यांतून तो जातो. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानुसार या मार्गावर विजेवर चालणाऱ्या मोटारींना व बसगाड्यांना पथकर माफ आहे. हवा शुद्ध राहावी, इंधनाची आयात घटावी, हा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. मात्र या महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. विजेच्या दुचाकीवरून तालुक्याला जाणाऱ्या शिक्षकाला ही माफी उपयोगाची नाही. दीड कोटीच्या मोटारीतून जाणाऱ्या धनिकाला मात्र ती आपोआप मिळते.

करांचेही तसेच. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले. त्यानुसार मोठ्या पेट्रोल-डिझेल मोटारींवर ४० टक्के कर आहे, शेतकऱ्याच्या साध्या पेट्रोल मोटारसायकलवर १८ टक्के, आणि विजेच्या वाहनावर, मग त्याची किंमत काहीही असो, ५ टक्के. मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात तीस लाखांहून महाग विद्युत मोटारींवर ६ टक्के वाहनकर सुचविण्यात आला होता. तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला.

या सवलतीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. नवे तंत्र आरंभी महागच असते. श्रीमंत ते प्रथम घेतात, त्यांच्या पैशावर कारखाने उभे राहतात, आणि कालांतराने तीच वस्तू सामान्यांच्या आवाक्यात येते. नामांकित जुन्या मोटार कंपन्यांनी याच भरवशावर मोठे संकल्प सोडले. व्होल्वोने २०२१ मध्ये जाहीर केले की २०३० पर्यंत आपण केवळ विजेच्याच मोटारी विकू. त्याच वर्षी मर्सिडीझ-बेंझनेही दशकाअखेर पूर्णपणे विजेकडे वळण्याची तयारी दाखविली. मात्र बाजारपेठ अनुकूल असेल तेथे, ही अट जोडून. २०२२ मध्ये तिने चाकणच्या कारखान्यात ईक्यूएस या आपल्या उंची विद्युत मोटारीची जोडणीही सुरू केली.

पुढे काय झाले? चिनी कारखानदारांची स्पर्धा वाढली, आणि उंची मोटारींच्या पुष्कळ गिऱ्हाइकांचा जीव जुन्या इंजिनातच गुंतून राहिला. पोर्शच्या टायकान या विद्युत मोटारीची जगभरातील विक्री २०२४ मध्ये जवळजवळ निम्म्यावर आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मर्सिडीझने आपले उद्दिष्ट खाली आणले, तर सप्टेंबरमध्ये व्होल्वोने आपला संकल्प सोडला. भारतात चित्र थोडे वेगळे आहे. बीएमडब्ल्यू समूहाने २०२४ मध्ये येथे विकलेल्या १५,७२१ मोटारींपैकी १,२४९ विजेच्या होत्या, आणि पुढील वर्षी हा वाटा आणखी वाढला.

कंपन्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाकडे पाहून माल करावा, यात पाप नाही. परंतु ज्या संकल्पाला बाजाराची अट जोडलेली आहे, तो व्रत नसून अंदाज असतो, एवढे समाजाने ओळखले पाहिजे. आणि जेथे हा बाजार वाढतो आहे, तेथे ४० आणि ५ टक्क्यांमधील अंतर त्याला मोठा आधार देते. ते अंतर सार्वजनिक तिजोरी सोसते. त्या तिजोरीत कापसाचे बियाणे घेणाऱ्याचाही पैसा आहे आणि मोटारसायकलवर १८ टक्के भरणाऱ्याचाही.

शुद्ध हवेचा हिशेबही पूर्ण मांडला पाहिजे. विजेच्या मोटारीमुळे शहरातील रस्त्यावरचा धूर नाहीसा होतो, हे खरे. पण आपली बहुतांश वीज अजून कोळशावर निर्माण होते. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक केंद्राची धुराडी आपल्या परिचयाची आहेत. म्हणजे शहराच्या वाट्याला शुद्ध हवा आणि उरलेला धूर खेड्याच्या वाट्याला, अशी ही वाटणी होते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा, असे शिकविले. डिसेंबर २०२४ मध्ये मर्सिडीझने त्यांना विजेवर चालणारी एक गाडी अर्पण केली. श्रीमंतांच्या जी-क्लास मोटारीवरूनच ती घडविली होती. परंतु तिचे काम लोकसमुदायातून अगदी संथपणे जाणे, हे होते. तेच यंत्र, तीच वीज, पण उपयोग बदलला की वस्तूचा नैतिक अर्थही बदलतो.

म्हणून आम्हास वाटते की सवलत ही बक्षीस नसून ऋण आहे. शासनाने तिला किमतीची मर्यादा घालावी. तीस लाखांची रेषा ओढण्याचा तो मागे घेतलेला विचार मुळात योग्यच होता. त्यातून वाचणारा पैसा एस. टी.च्या विद्युत बसगाड्यांकडे वळावा, म्हणजे शुद्ध हवेसोबत खेड्यातील माणसाला प्रवासही मिळेल. कारखानदारांनी उंची मोटारीत कमावलेले ज्ञान स्वस्त वाहनांत उतरवावे. आणि मेहकरच्या नाक्यावरून पथकर न भरता पुढे जाणाऱ्याने निदान एवढे स्मरणात ठेवावे, की त्याच्या वाट्याचा कर दुसऱ्या कोणीतरी भरला आहे.