घरच्या माणसाशी वाद घालावा का?



आपल्या बीड जिल्ह्यात नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात आणि मग आडनाव. आडनाव कळले की पुढे काय बोलायचे ते ठरते. 2025 साली जिल्ह्यातील पोलिसांना फक्त पहिले नाव लिहिलेल्या पाट्या दिल्या गेल्या, त्याचे कारण हेच. पोलिसाच्या छातीवरून कोणी त्याची जात वाचू नये, असा त्यामागचा हेतू. खाकी कपड्यावरचे आडनाव असे एका आदेशाने निघाले. घरात ताटावर बसलेल्यांच्या बोलण्यातून ते कोण काढणार?

30 ऑक्टोबर 2023 रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि माजलगावला आमदारांची घरे पेटवली गेली. 2024 ची लोकसभा निवडणूक अवघ्या 6,553 मतांनी निकाली निघाली, आणि त्यानंतर काही गावांत ‘त्यांच्या’ दुकानातून काही घ्यायचे नाही, अशी भाषा सुरू झाली. हे लोण घराघरांत शिरले. मोबाइलवर आलेला मजकूर चुलते मोठ्याने वाचतात, कॉलेजात जाणारा पुतण्या हरकत घेतो, आवाज चढतात आणि आई म्हणते, “जेवताना राजकारण नको.” कोणी विचारेल, आपण ख्रिस्ती, मराठा-ओबीसी वादाशी आपला काय संबंध? पण महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना ओबीसींत होते. आरक्षणाचा विषय निघाला की आपल्या मुलांच्या दाखल्याचाही विषय निघतो. शिवाय आपले शेजारी, मालक, गिऱ्हाईक, मुलांचे मित्र हे सगळे याच गावांतले.

मत कोणाला द्यायचे, हा वाद सुटला नाही तरी काही बिघडत नाही, असे आम्हाला वाटते. परळीत 2014 साली मुंडे घराण्यातील बहीण जिंकली, 2019 साली चुलत भाऊ जिंकला, आणि 2024 च्या लोकसभेला तोच भाऊ बहिणीच्या प्रचाराला उभा राहिला. बीडमध्ये 2019 साली क्षीरसागर पुतण्याने काकांना दोन हजारांहून कमी मतांनी हरवले. पुढाऱ्यांची घरे फुटतात, कधी सांधलीही जातात. त्यांच्यापायी आपण सख्ख्या भावाशी बोलणे टाकायचे, हे काही शहाणपणाचे नव्हे. अशा वेळी आईचे ऐकावे आणि मुकाट्याने भाकरी खावी.

पण “ते लोक असलेच” असे वाक्य ताटावर येते, तेव्हा गप्प बसणे आम्हाला पटत नाही. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण करून खून झाला. खंडणीच्या वादातून तो झाल्याचे तपासात पुढे आले. त्याआधी तीन दिवस पवनचक्की प्रकल्पावरच्या एका दलित पहारेकऱ्याला मारहाण झाली होती आणि सरपंच मध्ये पडले होते. गावच्या गरिबासाठी परजातीचा माणूस धावून गेला, ही त्यातली सांगण्यासारखी गोष्ट. घरोघरी मात्र सांगितले गेले ते एवढेच, की अमक्या जातीने तमक्या जातीचा माणूस मारला. आरोप मूठभर माणसांवर होता. बोल लागला साऱ्या वंजारी समाजाला. त्यात उसाच्या फडात राबणाऱ्या बायाही आल्या, ज्यांचा खंडणीशी काडीचा संबंध नाही.

फडावर जाणाऱ्यांविषयी तर आपण जातीचे नाव न घेताही तुच्छतेने बोलतो. “उचल घेतात, उडवतात आणि मग रडतात,” असे म्हणणारा नोकरदार मेव्हणा बहुतेक घरांत सापडेल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दिवस बुडला तर खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो, मग ते दुखणे पाळीचे का असेना. 2019 साली सरकारच्या समितीने जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांना उधळे म्हणणाऱ्या पुष्कळांच्या आजाने कोयताच धरलेला असतो. मेव्हण्याला हा आकडा सांगावा. तो त्याला ठाऊक नसण्याचा संभव आहे.

आणि कधी हा वाद आपल्याच रक्तात असतो. एका आजोबांची दोन नातवंडे. एक घर बौद्ध झाले, एक ख्रिस्ती. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. आता लग्नाकार्यात दोन्ही घरे भेटली की एक म्हणतो, “तुम्ही धर्म बदललात, मग जात कशाला मागता?” दुसरा काहीतरी लागेल असे बोलतो. गावाने पाणवठा वेगळा ठेवला, तेव्हा त्यांच्या आजोबांना कोणी धर्म विचारला नव्हता. रागावायचे तर त्या आदेशातल्या ओळीवर रागवावे आणि दोघांनी मिळून रागवावे.

घरातल्या माणसाला घरच्यानेच अडवावे, असे आम्ही का म्हणतो? बाहेरच्याने अडवले तर तो शत्रू ठरतो, आणि कोणीच अडवले नाही तर कोपऱ्यात बसलेले दहा वर्षांचे पोर ते वाक्य पाठ करते. आपल्या ख्रिस्तसभेतही असा प्रसंग घडला आहे. अंत्युखियात संत पेत्र आधी परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमहून काही मंडळी आली, तेव्हा तो भिऊन पंगतीतून मागे सरला. संत पौलाने त्याला सर्वांसमोर विचारले. चूक चारचौघांत झाली होती, म्हणून बोलणेही चारचौघांत झाले. पेत्राने काय उत्तर दिले, ते पौल आपल्या पत्रात सांगत नाही.

मोठ्यांशी बोलताना आवाज चढवायची गरज नसते. “अण्णा, तुम्ही मोठे आहात, पण हे मला पटत नाही,” एवढे पुरते. मग विचारावे, “ते लोक म्हणजे कोण? आपल्या ओळखीचा एक माणूस सांगा.” बहुधा आठवतो तो असा, ज्याने पिकाला पाणी दिले किंवा रात्री गाडी काढून दवाखान्यात नेले. “तो वेगळा,” असे अण्णा म्हणतील. म्हणू द्यावे. त्यांच्या रागामागे नापीक वर्षे असतील, नोकरी न लागलेला मुलगा असेल. तेही ऐकून घ्यावे. तरीही अण्णा रागावतील आणि आठ दिवस बोलणार नाहीत. नवव्या दिवशी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपतात. त्या आणायला मेडिकलवर त्याच पुतण्याने जावे.