आजचं चिंतन : घाणेरी, गाय आणि सावली



आजचं वाचन श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय १९. गोपाळ खेळात रमलेत आणि गाई गवताच्या ओढीने चरत चरत लांब मुंजवनात शिरल्यात. वर ऊन, घशाला कोरड, वाट चुकलेली. वाचता वाचता प्रश्न पडला : गाय नको तिथे गेली, तर दोष कुणाचा? तिचा की राखणाऱ्याचा?

यावर विचार करताना मला घाणेरी आठवली. काही भागांत तिला टणटणी म्हणतात. ट्रेकला जाताना वाटेच्या कडेला केशरी, पिवळ्या, गुलाबी फुलांचे छोटे गुच्छ तुम्ही नक्की पाहिले असतील. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आणली गेली आणि आज माळावर, जंगलात, पडीक रानात सगळीकडे माजली आहे.

तिच्या पानांत लॅन्टाडीन नावाचं विष असतं. पण उग्र वासामुळे गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. खातात ती बहुतेक चारा संपल्यावर, नाहीतर नवख्या रानात आल्यावर. म्हणजे गाईला विवेक असतोच. भूक तो हिरावून घेते.

पुढचं जास्त विचार करायला लावणारं आहे. हे विष यकृतावर घाव घालतं, पित्ताचा मार्ग अडतो. मग साध्या हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात तयार होणारा एक घटक बाहेर पडू शकत नाही, तो रक्तातून कातडीत साठतो. त्यावर ऊन पडलं की कातडी पोळते, विशेषतः जिथे ती पांढरी असते तिथे. आमच्या भाषेत सांगायचं तर बग एकीकडे, एरर भलतीकडे. ज्या उजेडात ती रोज सुखाने चरायची, तोच आता तिला जाळतो. म्हणून पहिलं काम काय? जनावराला सावलीत बांधायचं आणि पशुवैद्याला बोलवायचं.

आता आपल्याकडे बघू. १२-१४ तास लॅपटॉपसमोर. ना धड झोप, ना कुणाशी मोकळं बोलणं, ना नामस्मरण. मग रात्री एक वाजता मन समोर येईल ते चघळत बसतं आणि आपण म्हणतो, "संयमच नाही!" त्या मनासाठी दिवसभरात चारा ठेवला होता का, हे कोण विचारणार?

माझ्या ओळखीतला एक मुलगा नोकरी गेल्यावर दारूकडे वळला. सत्संगाच्या ग्रुपवर काहींनी त्याला इंद्रियनिग्रहाचे श्लोक पाठवले. श्लोक खरेच होते, पण तो यायचा बंद झाला. मग ग्रुपमधले एक काका रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन जेवू लागले. उपदेश नाही, विषयही नाही. तो अजून पूर्ण सावरलेला नाही, पण एकादशीला मागे येऊन बसतो.

कुणी म्हणेल, मग चूक ही चूकच नाही का? आहे. गाय भुकेली होती म्हणून विष सौम्य होत नाही. यकृत कारण विचारत नाही. रानातली घाणेरी उपटावीच लागते, आणि उपचारही करावेच लागतात. पण रान साफ ठेवणं, चारा पुरवणं हे राखणाऱ्याचं काम आहे. आणि उपदेश हा प्रकाश असला, तरी पोळलेल्याला आधी सावली लागते. मला वाटतं, धर्म सांगण्यात हा क्रम चुकला की खरं बोलणंसुद्धा चटका देतं.

भागवतातला कृष्ण हा क्रम चुकवत नाही. गाई तर तिथे भुकेने नाही, गवताच्या मोहाने गेल्या होत्या. तरी तो रागावत नाही. एकेकीला नावाने हाक मारतो आणि त्या हंबरून ओ देतात. मग वणवा पेटतो, तो स्वतः गिळतो. गोपाळ डोळे उघडतात तेव्हा सगळे भांडीर वडापाशी परत आलेले असतात.

आजची साधना छोटीच : आपल्यातून लांब गेलेल्या एकाला फोन करा. श्लोक पाठवू नका. नावाने हाक मारा आणि "जेवलास का?" एवढंच विचारा.

राम कृष्ण हरी 🙏