बिनवासाचा पलंग

माणसाच्या पाच ज्ञानेंद्रियांत नाकासारखं दुर्दैवी इंद्रिय दुसरं नाही. डोळे अधू झाले की चष्मा त्यांना मिळतो, पण तो वाहायचा नाकानं. अब्रू जाते माणसाची, कापलं जातं नाक. आणि एवढ्या सेवेचं बक्षीस काय, तर सर्दी! वास्तविक घरातल्या चांगल्या-वाईटाचा पहिला निकाल नाकच देतं. दूध नासलंय हे डोळ्यांना पटेपर्यंत नाक निकाल सांगून घरी गेलेलं असतं.

म्हणूनच सध्या एका प्रश्नानं मी हैराण आहे. एखाद्या गोष्टीला वास येत नाही, एवढ्यावरून ती निर्दोष ठरते का? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे आणि बी.कॉम.ला तो विषय नव्हता. नीतीच्या आसपास जाणारा 'गुडविल' हा एकच शब्द आम्हाला होता. आणि त्याचंही धंदा विकताना किती रुपये धरायचे, एवढंच शिकवलं.

हा प्रश्न आमच्या घरात पलंगावाटे शिरला. माझे सासरे रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले आणि त्यांनी हातात रंधा घेतला. माझ्या आईसाठी त्यांनी जुन्या सागवानी दारांच्या फळ्यांतून एक पलंग, एक कपाट आणि उशाशी ठेवायचं टेबल केलं. सगळं हातानं. खिळा औषधालासुद्धा नाही. उरला प्रश्न पॉलिशचा. आईला दमा आहे. उदबत्तीचा धूरसुद्धा तिला सोसत नाही. आमचे देव कित्येक वर्षं नुसत्या फुलांवर भागवताहेत.

दुकानदारानं एक डबा पुढे केला. "साहेब, हा न्या. लो ओडर! सकाळी लावा, रात्री खुशाल झोपा." डब्यावर एक बाई फूल हुंगत होती.

सासऱ्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून डबा चारी बाजूंनी फिरवला आणि म्हणाले, "जावईबापू, ह्यात वास नाही असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. पण ह्यात आहे काय, ते कुठं लिहिलंय?"

आता आली का पंचाईत! कारण वास आणि अपाय ही दोन निरनिराळी खाती आहेत. पॉलिश वाळतं म्हणजे त्यातलं पातळ द्रव्य हवेत उडून जातं. उडणाऱ्यातलं काही नाकाला झोंबतं, काही गुपचूप निघून जातं. बिनवासाचं टर्पेंटाइन मिळतं; त्यातला झोंबणारा भाग काढलेला असतो, त्यामुळे ते जरा सौम्यही असतं, पण उडायचं ते उडतंच. कोंदट खोलीत शेगडी पेटवून झोपलं की माणसाला मारणारा कार्बन मोनॉक्साइड, त्याला तर मुळीच वास नाही. उलट आपला हिंग घ्या. डबी उघडली की चार घरांना कळतं, आणि स्वभावानं पोटाचा मित्र. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. थोडक्यात, दुर्गंधी ही कधीकधी परोपकारी असते. सुगंधाबद्दल तसं छातीठोक सांगता येत नाही.

बँकेत वीस वर्षं काढल्यावर हे मला पटायला जड गेलं नाही. आमच्याकडे एक कर्जदार यायचा. शर्टाला घामाचा वास, बोलण्याला बिडीचा आणि कागदांना गोठ्याचा. तो आला की आमचे साहेब पंखा वाढवायचे. त्याचा हप्ता मात्र कधी चुकला नाही. दुसरे एक गृहस्थ यायचे. फाइल अशी, की हात धुऊन उघडावी. बोलणं गुळगुळीत, कशाचाच कसला वास नाही. साहेब त्यांना चहा मागवायचे. हल्ली ते कुठे असतात, याचा वसुली खातं शोध घेत आहे.

सासऱ्यांनी बाजारातल्या डब्यांना नापास केलं असं मात्र नाही. पाण्यावरचं पॉलिश त्यांनी घेतलं, पण आत काय आहे आणि उडणारी रसायनं लिटरला किती ग्रॅम, हे छापलेला डबा शोधून. ते उशाशी ठेवायच्या टेबलासाठी. कारण आई तिथे गरम चहाचा कप ठेवणार, आणि लाखेच्या पॉलिशवर गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं. हे पॉलिश लावताना दुधासारखं दिसतं आणि वाळल्यावर पारदर्शक होतं. फक्त पाणी लागल्यावर लाकडाच्या अंगावर शहारे येतात. तेव्हा पहिला हात वाळला की बारीक पॉलिशपेपर हलक्या हातानं, रेषांच्या दिशेनं फिरवायचा.

कपाटाला अळशीचं तेल लावावं, अशी एक सूचना शेजारून आली. सासऱ्यांनी ती तिथेच मोडून काढली. ते तेल उडून न जाता हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतं, आणि बंद खणात त्याचा वास महिनोन्‌महिने मुक्काम करतो. वर तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेटूही शकतात.

पलंग आणि कपाट यांना त्यांनी चपडा लाख लावली. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचे, गाळायचे, आणि सुती बोळ्यानं पातळ हात द्यायचे. पळस, कुसुम, बोर या झाडांवर एक एवढासा किडा ही लाख तयार करतो. आमच्या बँकेत किल्ल्यांच्या दुसऱ्या जोडाचं पाकीट ज्यानं सील करतात ती लाख याच कुळातली, आणि औषधाच्या काही गोळ्यांवरची चकाकीही हिचीच. पावसाळ्यात मात्र हिला हात लावायचा नाही, दमट हवेत ती पांढुरकी पडते. म्हणून दिवाळी उलटेपर्यंत पलंग उघडाच बसला.

लाख लावली आणि स्पिरिटचा असा भपकारा सुटला की बायको म्हणाली, "बाबा, बिनवासाचं म्हणत होता ना?"

"अगं, हा सांगून येतो आणि सांगून जातो," सासरे म्हणाले. "न सांगता राहणाऱ्याची भीती."

मला वारणावतातलं लाक्षागृह आठवलं. विदुरानं आधी सावध केलं होतं हे खरं, पण घरात पाऊल टाकल्यावर धर्मराजानं लाख, तूप आणि चरबीचा वास ओळखला आणि भीमाला तसं सांगितलं. पुरोचनाला डब्यातलं लो ओडर मिळालं असतं, तर महाभारत कदाचित आदिपर्वातच आटोपलं असतं.

खिडक्या उघड्या ठेवून खोली तीन आठवडे रिकामी ठेवली. आई तेवढे दिवस बहिणीकडे साताऱ्याला. वास गेला की नाही, हे ठरवायचीही सासऱ्यांची एक रीत होती: घरातल्या माणसाचं मत घ्यायचं नाही. नाक थोड्या वेळात त्याच वासाला सरावतं आणि तक्रार करायचं सोडून देतं. वास तिथेच असतो, राजीनामा नाकानं दिलेला असतो. म्हणून बाहेरून आलेल्याला विचारायचं. आमच्या शाखेत तपासणीला दुसऱ्या शाखेचा माणूस का येतो, हे मला इतक्या सोप्या भाषेत कुणीच समजावलं नव्हतं.

आई आली. पलंगावरून हात फिरवला, खण ओढला आणि नाक आत घालून दीर्घ श्वास घेतला. गेल्या कित्येक महिन्यांत तिला इतका मोठा श्वास घेताना मी पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे.

"व्याही, वास येतोय हो," ती म्हणाली. सासऱ्यांचा चेहरा पडला. "सागवानाचा."

तेव्हा माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला मिळालं. चांगलं पॉलिश लाकडाच्या रेषा झाकत नाही, उलट उठवून दाखवतं. वासाचंही तेच. परका जावा, स्वतःचा राहावा. माणसालाही एवढाच गुळगुळीतपणा शोभतो. उरलेलं निम्मं उत्तर मी रोज शोधतो. कुणाविषयी "अगदी सज्जन हो, कधी कसला वासच नाही," असं कुणी म्हणालं की मी विचारतो, "येत नाही, की येऊ देत नाहीत?" यामुळे माझी मित्रमंडळी बरीच कमी झाली. जे उरलेत ते मात्र थेट हिंगाच्या जातीचे आहेत.