न झालेली लढत

आरामात बसा. डावी मूठ हळूच वळा. अंगठा बोटांच्या आत कोंडू नका; बाहेरून आडवा टेकवा. आत राहिलेला अंगठा पहिल्याच ठोशाला दुखावतो. आता मूठ आवळा. ताण मनगटातून कोपरापर्यंत कसा चढतो, तेवढंच बघा. मग सोडा. श्वासही सोडा.

आज मनात एक डावा हात धरायचा आहे, बुडापेस्टच्या लास्लो पाप्पचा. उजवा पाय पुढे, डावा हात मागे राखलेला, असा तो उभा राही. जपून ठेवलेला तो हात समोरच्याला उशिराच कळायचा. 1948 चं लंडन, 1952 चं हेलसिंकी, 1956 चं मेलबर्न: तिन्ही ठिकाणी त्यानं सुवर्णपदक मिळवलं. ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये असं करणारा तो पहिला. पुढे क्यूबाचे स्टीव्हन्सन आणि सावोन त्याच्या बरोबरीला आले. त्यापलीकडे अजून कुणी गेलेलं नाही.

मेलबर्नपाशी जरा थांबू. 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले, सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा हंगेरीतला उठाव चिरडला गेला. 22 तारखेला स्पर्धा सुरू झाल्या. तिशीतला पाप्प रिंगमध्ये उतरला. घरी काय झालं असेल, हा प्रश्न आणि समोरचा ठोसा, दोन्ही एकाच डोक्यात. घाई न करता याची कल्पना करून बघा. अंतिम फेरीत त्यानं ज्या होजे टोरेसला हरवलं, तो पुढे व्यावसायिक जगज्जेता झाला. संघातले कितीतरी हंगेरियन खेळाडू त्यानंतर मायदेशी गेलेच नाहीत. पाप्प परतला.

श्वास येऊ द्या, जाऊ द्या.

हंगेरीत व्यावसायिक बॉक्सिंगला बंदी होती. 1957 पासून पाप्प परदेशात लढू लागला, सरावाला व्हिएन्ना. हात वारंवार दुखावत, तरी 1962 मध्ये तो मिडलवेटचा युरोपीय विजेता झाला. पुढची पायरी जागतिक किताबाची होती, आणि तो किताब तेव्हा अमेरिकेच्या जोई जिआर्डेलोकडे होता. तेवढ्यात हंगेरीच्या सरकारनं परदेशी लढायची परवानगीच काढून घेतली. पाप्पची कारकीर्द तिथेच संपली.

इथे मन लगेच धावतं. पाप्पच जिंकला असता, असं म्हणून मोकळं होतं. ते धावू लागलं की त्याला हलकेच मागे आणा. जिआर्डेलो काही लिंबूटिंबू नव्हता. निकाल काहीही लागला असता. आपण कोण त्या सामन्याचे पंच? पट्ट्या बांधलेला हात, रिकामी रिंग, न वाजलेली घंटा... एवढंच राहू द्या. अपुरं वाटेल, अस्वस्थ वाटेल. वाटू दे. मला स्वतःला हे फार वेळ जमत नाही.

संताप आला तर तोही दाबू नका. असल्या मननात शेवटी क्षमा करायची रीत असते. इथे तिची सक्ती नाही. 1971 पासून दोन दशकं पाप्पनं राष्ट्रीय संघाला शिकवलं. 2003 मध्ये तो वारला आणि बुडापेस्टच्या मोठ्या क्रीडागृहाला त्याचं नाव मिळालं. हे सगळं चांगलंच झालं, पण त्यानं हिशेब फिटत नाही. 27 विजय, 2 बरोबरी, पराभव एकही नाही, अशा माणसाला घरीच अडवणं हा अन्याय होता आणि आजही तो अन्यायच आहे.