हाताला सुखाचे शस्त्र

खंडेनवमीला बरखेड्यातील मराठी घरांत पाटावर काय काय मांडले जाते, हे पाहण्याजोगे असते. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजेच आजच्या भेलच्या, आधाराने ही वसाहत वाढली. त्यामुळे विळी, कात्री आणि पोथीच्या शेजारी मायक्रोमीटर आणि पकडही हळदकुंकवाचे मानकरी ठरतात. आमच्या एका स्नेह्यांकडे गेल्या नवमीला त्या रांगेत नातीचे हवेचे पिस्तूल होते. फूल वाहता वाहता आजोबा म्हणाले, "आता पुढे गोळीचे घ्यायचे. आमचा विचार असा, की एकच घ्यावे. स्पर्धेत अचूक आणि जवळ बाळगायलाही सुखाचे." नात काही बोलली नाही. आम्हीही प्रसाद घेऊन उठलो. पण ते 'एकच' मनातून जाईना.

यंत्र म्हणून पाहिले तर उत्तर सोपे आहे. पंचवीस मीटरच्या क्रीडा-पिस्तुलाचा चाप निदान एक किलोग्रॅम भार पेलणारा असावा एवढाच नियम. हवेच्या पिस्तुलाला तर अर्धा किलो पुरतो. मूठ त्या एका तळव्यासाठी कानशीने घासून बेतलेली, नळी लांब, वजन पुढच्या बाजूला. हे सारे हाताला सुखाचे खरे, पण खिशात किंवा कमरेला अगदीच गैरसोयीचे. उलट बाळगण्याचे शस्त्र आखूड आणि हलके हवे, आणि त्याचा चाप चुकून दाबला जाणार नाही इतका जड हवा. २०१४ साली कानपूरच्या आयुधनिर्माणीने स्त्रियांसाठी म्हणून जे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढले, त्याचे वजन सुमारे अर्धा किलो. त्याने कोणी दहाचे वर्तुळ टिपू जाणार नाही. तेव्हा दुकानदारानेच आजोबांचा भ्रम दूर केला असता. आमचे म्हणणे मात्र एवढ्यावर संपत नाही.

नेमबाजीत दृष्टी कोठे ठेवतात, हे आम्हाला त्या मुलीनेच सांगितले. ती नळीच्या टोकावरील माशीवर ठेवायची. लक्ष्य अंधुकच दिसते आणि ते तसेच दिसू द्यायचे. म्हणजे ही विद्या मुळात समोरच्याला पाहण्याची नव्हेच; ती स्वतःच्या श्वासावर आणि बोटावर ताबा ठेवण्याची आहे. पंचवीस मीटरच्या वेगवान फेरीत हात खाली ठेवून उभे राहायचे, तीन सेकंदांत उचलून एक गोळी झाडायची, पुन्हा हात खाली. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत शस्त्र खाली ठेवणे हे शस्त्र उचलण्याइतकेच नियमबद्ध असते.

स्वसंरक्षणाचे तसे नाही. तेथे समोर कागद नसून माणूस असतो, आणि त्याला अंधुक पाहून चालत नाही. तो कोण, हातात काय घेऊन आला, पळतो आहे की चाल करून येतो आहे, हे स्वच्छ दिसले पाहिजे. कायदाही तेच मागतो. बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार जुन्या दंडसंहितेने दिला नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो दिलेला नाही. ही परीक्षा दहाच्या वर्तुळाने होत नाही. परवान्याच्या अर्जातही शस्त्र कशासाठी हवे, हे आधी सांगावे लागते. तो रकाना कारकुनी वाटतो खरा, पण विचारण्याजोगा प्रश्न तोच आहे.

जवळून माणूस मारायला अचूकता लागतही नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, त्या हातभर अंतरावरून. ते बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरहून मिळवलेले होते, आणि मिळवणारे हात मराठी होते. या प्रांतातील मराठी माणसाने शस्त्राविषयी बोलताना ही आठवण वळसा घालून टाळू नये, असे आम्हाला वाटते.

आणि तो 'सुखाचे' हा शब्द! स्पर्धेत मुठीचे सुख मनगटाला थरथरू देत नाही. तेथे ते प्रामाणिक आहे. कमरेला मात्र सुख म्हणजे शस्त्राचा विसर. जे बोचत नाही ते आहे हेच आठवत नाही, आणि मग वाहन पार्किंगच्या भांडणात हात आपसूक तिकडे जातो. बाळगायचेच असेल तर ते बोचावे, असे आमचे मत आहे. ज्याला खरोखर धमक्या येतात, ज्याचे घर गावाबाहेर एकटे आहे, त्याला आम्ही भित्रा म्हणणार नाही. पण त्याने वेगळे शस्त्र घ्यावे, वेगळ्या मनाने घ्यावे.

बिघाडाचेही तसेच. २०२१ साली टोकियोत मनू भाकरचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले. अंतिम फेरी हुकली, डोळ्यांत पाणी आले, आणि २०२४ साली पॅरिसहून ती दोन कांस्यपदके घेऊन आली. खेळात चुकलेल्या गोळीला पुढची स्पर्धा असते.

दसऱ्यानंतर आम्ही स्नेह्यांकडे पुन्हा गेलो, तेव्हा नात बिशनखेडीच्या नेमबाजी अकादमीत सरावाला निघाली होती. तिने पिस्तूल रिकामे असल्याचे पाहिले, नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घातली आणि पेटी बंद करून कुलूप लावले. आजोबा सोप्यावर बसून ते पाहत होते. "हे काय, कुलूप?" त्यांनी विचारले. "रोजच लावते, आजोबा," ती म्हणाली आणि चपला शोधू लागली.